महिनाअखेरचा शनिवार

तनयाने बटण दाबलं. पंखा घरघरला, काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं भराभर वर सरकली, आणि शेवटी सकाळपासून दोनदा आलेली ओळ तिसऱ्यांदा येऊन उभी राहिली. यंत्र सापडत नाही, असं ती ओळ सांगत होती.

"सापडत न्हाई म्हनं," दारात उभे असलेले भीमराव म्हणाले. "म्हशीएवढं धूड शेजारी हाय, अन् सापडत न्हाई! चष्मा लावा की त्याला."

"भीमराव, दार लावा. गारवा जातो," मालक श्यामसुंदर म्हणाले. मग त्यांनी तनयाकडे न बघताच मान वळवली. "हेमाताई, तुम्हीच बघा बुवा."

हेमा तनयाच्या जागी बसली. खुर्ची पुढे ओढली, जराशी रेलून बसली, बटण दाबलं. पंखा, अक्षरं, आणि मग हिरवी चौकट. यंत्र तयार होतं.

"हातगुण!" श्यामसुंदर म्हणाले. "आप्पा म्हणायचे ते खोटं नाही." ते निघून गेले, भीमराव नमुने घासायला गेले. तनया तेवढी उभी राहिली, हातातली वही छातीशी धरून. त्या वहीत हेमाने यंत्र चालू करण्याच्या एकोणीस पायऱ्या क्रमाने लिहून दिल्या होत्या. तनयाने त्या एकोणीसही पाळल्या होत्या. हेमाने स्वतः मोजल्या होत्या.

सोमवार होता. पुढच्या सोमवारी सकाळी दहा वाजता हेमाला वाघोलीच्या एका कॉलेजात हजर व्हायचं होतं. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत, मुलांना प्रयोग शिकवायला. छप्पन्नाव्या वर्षी कोणी असं बोलावतं हेच नवल. पण तिथल्या कार्यालयाने पहिल्याच दिवशी जुन्या नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र मागितलं होतं, आणि ते पत्र श्यामसुंदर यांच्या टेबलाच्या खणात तयार होतं, फक्त सहीविना. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "शनिवारी महिनाअखेरची साफसफाई आहे. त्या दिवशी यंत्र तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाताने चालू झालं, की त्याच क्षणी सही. नाही झालं तर मी सहा माणसांना काय सांगू, ताई? घरी बसा म्हणू?"

या म्हणण्यात खोट काढता येत नव्हती, हीच अडचण होती. ओरडणारा मालक असता तर हेमा केव्हाच निघून गेली असती.

बिबवेवाडीतली ही धातू तपासणारी प्रयोगशाळा श्यामसुंदर यांच्या वडिलांनी, आप्पासाहेबांनी काढली. आसपासच्या ओतशाळा रुपयाएवढे नमुने पाठवतात, भीमराव त्यांचं तोंड घासून सपाट करतात, यंत्र त्यावर ठिणगी पाडतं, आणि त्या ठिणगीच्या उजेडावरून संगणक सांगतो की पोलादात कार्बन किती, मँगनीज किती. यंत्र आणि संगणक एकाच वर्षी आले, अठ्ठ्याण्णव साली. यंत्राशी बोलणारं कार्ड फक्त त्याच जातीच्या जुन्या संगणकात बसतं, आणि दुसरं कार्ड आता कुठे मिळत नाही. नवीन यंत्र घ्यायचं तर इमारतीचे दोन्ही मजले विकून वर हात जोडावे लागले असते.

खोलीला खिडकी नव्हती. होती ती आप्पासाहेबांनी धूळ नको म्हणून बुजवून घेतली होती. हेमा एकोणतीस वर्षांची असताना पहिल्यांदा या खोलीत आली, तेव्हा तिला ती जागा थेट देवघरासारखी वाटली होती. चपला बाहेर काढायच्या. पाय पुसून आत यायचं. आप्पासाहेबांच्या पत्नीने शिवलेलं निळं सुती आवरण दोन्ही हातांनी उचलून चौघडी करून ठेवायचं. आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी साग्रसंगीत साफसफाई. संगणकाच्या पेटीचं झाकण काढून मऊ ब्रशने पंख्यावरची धूळ झाडायची. कापसाच्या बोळ्याने, स्पिरिट लावून, फ्लॉपी वाचणारं डोकं पुसायचं. कार्ड खाचेतून अलगद उपसायचं आणि त्याच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने घासायच्या, दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा, मग ते परत बसवायचं. शेवटी डिफ्रॅग, म्हणजे डिस्कवर विखुरलेली माहिती ओळीने लावणं. पडद्यावर रंगीत चौकोनांची फौज उभी राही आणि एकेक चौकोन आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसे. तासभर. त्या वेळात खोलीत कुणी जोरात बोलायचं नाही, पाय आपटायचे नाहीत. आप्पासाहेब बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसत आणि मधूनच तिला विचारत, "किती टक्के झालं, पानसेबाई?"

तेव्हा हेमाला तो तास आवडायचा. जगातली एक तरी गोष्ट आपण ओळीने लावतो आहोत, असं वाटायचं.

आता ती कसब्यातून रोज साडेसातची बस धरून यायची, कारण यंत्र तिच्याशिवाय चालू होत नसे. पूर्वी कुणीही बटण दाबलं तरी चालायचं. गेल्या दहा-बारा वर्षांत ते हटून बसलं. ती नसली की तीच ओळ. एकदा भाचीच्या लग्नाला नाशिकला गेली होती तर मंडपात फोन आला. अक्षता हातात होत्या, त्या तिने शेजारच्या बाईच्या ओंजळीत ओतल्या आणि गाडी धरली. दुपारी तीनला तिने बटण दाबलं आणि यंत्र चालू झालं. त्यानंतर तिने रजा मागणंच सोडलं. ताप असला की अंगावर शाल घेऊन यायची, चालू करून द्यायची आणि बाहेरच्या बाकावर निजायची.

सगळ्यांच्या दृष्टीने याला एकच कारण होतं, हेमाताईंचा हातगुण. खंडेनवमीला यंत्राला झेंडूचा हार घातला की पूजेचा नारळ तिला दिला जाई.

या हातगुणाचा जन्म कसा झाला ते फक्त हेमाला माहीत होतं. तिला लागून तीन-चार वर्षं झाली असतील. एकदा सगळंच बंद पडलं. मुंबईहून दुरुस्तीवाला आला, दोन दिवस डोकं खाजवून हॉटेलवर जेवायला गेला. हेमा एकटीच खोलीत होती. तिने वाकून मागे बघितलं. विजेची तार अर्धवट बाहेर आली होती. तिने ती आत ढकलली आणि बटण दाबलं. आवाज ऐकून आप्पासाहेब धावत आले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "वा! याला म्हणतात हातगुण!" तार सैल होती, एवढं म्हणायला श्वासही लागला नसता. पण मुंबईच्या माणसाला जमलं नाही ते आपल्याला जमलं, हे ऐकायला इतकं गोड होतं, की ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी सांगणं विचित्र झालं असतं. महिन्याभराने तर हास्यास्पद.

आणि आता गंमत अशी, की खरंच तिच्या हाताशिवाय चालू होत नव्हतं. विज्ञानाची पदवी घेतलेल्या बाईला हे रोज सकाळी बघावं लागत होतं, आणि त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं.

*

गुरुवारी दुपारी चहाच्या वेळी तनया बाकावर तिच्याजवळ सरकली.

"मॅडम, रागावणार नसाल तर एक दाखवू? मी तुमचा व्हिडिओ टाकलाय."

"कुठे टाकलास?"

"इंटरनेटवर. जुन्या कॉम्प्युटरवाल्यांचा एक ग्रुप आहे. सोमवारी तुम्ही चालू केलंत ना, तेव्हा मी मागून शूट केलं. लोक वेडे झालेत! हे बघा, एक जण लिहितोय, 'हा पंख्याचा आवाज ऐकून लहानपण आठवलं.' दुसरा म्हणतो, 'बाबा रविवारी डिफ्रॅग लावायचे आणि आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत.' आणि हा म्हणतोय, 'या बाई किती नशीबवान, रोज हे करायला मिळतं.'"

"हो," हेमा म्हणाली. "त्याला पत्ता दे. उद्यापासून येऊ दे साडेसातच्या बसने."

तनया खळखळून हसली. मग हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, शनिवारी नाही झालं माझ्याच्याने तर? मला फेब्रुवारीत एमटेकची परीक्षा द्यायचीय. सरांना अजून बोलले नाहीये. पण तुमचं अडकलंय ना माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे नाही. दाखव तो परत."

व्हिडिओ जेमतेम मिनिटभराचा होता. हेमाने स्वतःला पाठीमागून कधी पाहिलं नव्हतं. अंबाड्यातून सुटलेले पांढरे केस दिसले, बसल्यावर डावीकडे कललेले खांदे दिसले. आडव्या ठेवलेल्या पेटीवर तिने डावं कोपर टेकलं होतं आणि सगळा भार त्या कोपरावर होता. पेटीचं झाकण त्या जागी बोटभर खोलगट झालं होतं. उजव्या हाताने तिने बटण दाबलं, आणि हिरवी चौकट आल्यावरच कोपर उचललं.

"परत लाव," ती म्हणाली.

तिने तो पाच वेळा पाहिला. तनया ताठ बसायची. हात मांडीवर, परीक्षेला बसल्यासारखी. पेटीला अंग लागू नये म्हणून जपून. वहीतली पहिलीच पायरी तशी होती : पेटीवर भार देऊ नये. ती हेमाच्याच अक्षरात होती.

चहा संपल्यावर तिने यंत्र बंद केलं, झाकण काढलं, आणि ओतशाळांचे नमुने तपासायच्या भिंगाखाली ते कार्ड धरलं. कार्ड धरून ठेवणाऱ्या स्क्रूचे आटे केव्हाच झिजून गेले होते. दर महिन्याला काढायचा, दर महिन्याला लावायचा. खाचही सैल पडली होती. पण तिची नजर पट्ट्यांवर खिळली. त्या सोनेरी नव्हत्या. मधोमध तांबूस झाल्या होत्या, काही ठिकाणी नुसत्या रेघा उरल्या होत्या. सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. तिने मनात हिशेब केला. सत्तावीस वर्षं, बारा महिने, दोन्ही बाजूंनी दहा-दहा घासे. साडेसहा हजारांच्या घरात.

धूळ कधी त्या पट्ट्यांपर्यंत पोचलीच नसेल. दार बंद असायचं, खिडकी बुजवलेली होती, चपला बाहेर होत्या. घासलं ते सोनंच. दर महिनाअखेरच्या शनिवारी, मन लावून, तिने या यंत्राला थोडं थोडं आजारी केलं होतं. आणि मग रोज सकाळी नकळत कोपराने झाकण कार्डावर दाबून त्याला उठवलं होतं. तिने डाव्या हाताची बाही वर केली. कोपरावरची कातडी काळपट, जाड झाली होती. वयाने होतं, असं तिला वाटत आलं होतं.

भिंगाचा दिवा मालवून तिने कार्ड परत खाचेत बसवलं आणि झाकण लावलं. पंखा बंद होता. खोलीत इतकी शांतता तिने कधी ऐकली नव्हती, आणि ती तिला सोसेना.

*

शनिवारी तिने तनयाला बाजूला घेतलं आणि एवढंच सांगितलं, "बसलीस की डावं कोपर इथे टेक. या खोलगट जागी. चांगला भार दे, आणि चौकट येईपर्यंत उचलू नकोस."

"पण मॅडम, पहिली पायरी…"

"पायरी राहू दे. सांगते तसं कर."

एवढं पुरेल, असं तिने रात्रभरात ठरवलं होतं. तनयाच्या हाताने चालू होईल, सही होईल, सोमवारी वाघोली. बाकीचं कुणाला कळायची गरज नाही. इतकी वर्षं जे झाकलं ते आणखी एका सकाळी झाकलं तर काय बिघडतं?

साफसफाई झाली. खोडरबर हेमाने खणातून काढलं खरं, पण पट्ट्यांना लावलं नाही. कार्ड तसंच परत बसवलं, झाकण लावलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. श्यामसुंदर पत्र घेऊन आले आणि भिंतीशी उभे राहिले. भीमराव हात पुसत दारात आले.

तनया बसली. डावीकडे कलली. कोपर टेकलं. बटण दाबलं.

हिरवी चौकट.

"झालं!" तनया ओरडली आणि ओरडल्याबद्दल स्वतःच तोंडावर हात ठेवला.

"आरं तिच्या!" भीमराव म्हणाले. "पोरीला बी हातगुन हाय म्हनायचा!"

"आहेच!" श्यामसुंदर यांचा चेहरा एकदम दहा वर्षांनी तरुण झाला. "हेमाताई, तुम्ही दिलात हिला. गुरूकडून असाच येतो तो. ए तनया, आता तू कुठे जायचं नाहीस हं. हा यंदाचा नारळ तुझा. परीक्षाबिरीक्षा काही असेल तर पुढच्या वर्षी बघू, काय?"

त्यांना परीक्षेचं काही माहीत नव्हतं. त्यांनी ते सहज, लाडाने म्हटलं होतं. हेमाने तनयाकडे पाहिलं. तनयाने सांगायला हवं होतं, कोपर टेकलं म्हणून. ओठ उघडलेही होते तिने. पण ती हसत होती. कानांपर्यंत लाल होऊन, खाली बघत. ते हसू हेमाने ओळखलं. ते आतून कसं लागतं, किती गोड लागतं, हेही तिला ठाऊक होतं.

श्यामसुंदर पत्र टेबलावर ठेवून पेनाचं टोपण काढत होते. पत्रातलं शेवटचं वाक्य हेमाला उभ्या जागेवरून वाचता येत होतं : त्यांच्या हाताला यश आहे.

"थांबा, सर," ती म्हणाली. "आधी यंत्र बंद करते."

"का? चांगलं चालू झालंय की!"

हेमाने बंद केलं. झाकण काढलं. कार्ड उपसलं, भिंगाखाली ठेवलं आणि म्हणाली, "या, बघा."

श्यामसुंदर वाकले. मग तिने सांगितलं. खोडरबर, पट्ट्या, स्क्रू, कोपर. आवाज चढवला नाही, उतरवला नाही; नमुन्याचा अहवाल वाचावा तसं सांगितलं. शेवटी म्हणाली, "आणि मुंबईचा माणूस आला होता तेव्हाही माझा हात नव्हता. मागची तार सैल होती. मी ढकलली."

"काहीतरी काय, ताई. तुमचा मोठेपणा हा."

"मोठेपणा नाही. बसा खुर्चीवर."

तिने कार्ड खाचेत बसवलं. पांढरं खोडरबर घेतलं, पात्याने त्याची एक चकती कापली, जाडी डोळ्याने मापली, थोडी आणखी तासली. ती चकती कार्डाच्या वरच्या कडेवर ठेवली आणि झाकण दाबून बंद केलं. आता झाकणच कार्डाला दाबून धरणार होतं.

"दाबा बटण. कोपर नको, काही नको. हात मागे बांधून बसलात तरी चालेल."

श्यामसुंदर यांनी उभ्या आयुष्यात ते बटण दाबलं नव्हतं. वडिलांनी त्यांना लहानपणी या खोलीत हात लावू दिला नव्हता, आणि नंतर तशी सवयच लागली. त्यांनी एक बोट पुढे केलं आणि दाबलं.

पंखा. अक्षरं. हिरवी चौकट.

भीमराव म्हणाले, "म्हंजी रविवारी बी मी आलो तरी चालू व्हतंय की हे."

"मग आप्पा इतकी वर्षं नारळ कुणाला देत होते?" श्यामसुंदर यांनी विचारलं. आवाज शांत होता, पण त्यात धार होती.

"मला," हेमा म्हणाली. "मी घेत होते."

"आणि मी लग्नाच्या मांडवातून कुणाला बोलवत होतो?"

तो प्रश्न तिचा होता. तो त्यांनी विचारावा हे तिला अपेक्षित नव्हतं.

त्यांनी पत्र पुढे ओढलं. शेवटचं वाक्य एका सरळ रेघेने खोडलं, शेजारी छोटी सही केली, मग खाली मोठी सही केली. "खोडाखोड झाली आहे. कॉलेजला चालेल ना? विज्ञानाचे लोक काटेकोर असतात म्हणतात."

"चालेल, सर."

तनया भिंतीशी उभी होती. तिचं हसू केव्हाच मावळलं होतं, आणि तिने हेमाकडे पाहिलं नाही. आत्ता तिला राग आला असणार. फेब्रुवारीत, परीक्षेला बसताना, तो कदाचित उरणार नाही. हेमाने वही उघडली, पहिली पायरी खोडली, साफसफाईच्या पानावरची कार्ड घासण्याची पायरी खोडली, आणि खाली लिहिलं : झाकण उघडू नये. कोणीही चालू करावे. तारीख घातली. निळं आवरण मात्र चौघडी करून जागच्या जागी ठेवलं.

बाहेर आल्यावर सवयीने तिने दार चटकन ओढून घेतलं, गारवा जाऊ नये म्हणून. चपला घातल्या. ऊन डोळ्यांवर आलं.

दुपारच्या बसला गर्दी नव्हती. खिडकीची जागा मिळाली. पत्र पर्समध्ये होतं, पर्स मांडीवर होती. सोमवारी दहा वाजता वाघोली, दोन बस बदलून. कंडक्टरने तिकीट दिलं तेव्हा तिला जाणवलं, की आपण डावीकडे कललो आहोत आणि कोपर काहीतरी शोधतं आहे. खिडकीची चौकट फार उंच होती, आणि बाकाला त्या बाजूला हात नव्हता. तिने कोपर उचलून मांडीवर घेतलं. ते तिथेही बसेना.